५४ दिवस: सरकारी पगार, कोरडवाहू ज्वारी आणि आज्जाला न सुटलेला प्रश्न

ज्यांना हेडफोन लावून तासभर ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळलेल्या जागा काढून टाकल्यात.

आजची गोष्ट सुरू होते मार्च २०२३ मध्ये. १४ तारखेला राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. शाळा बंद, कचेऱ्या ओस, सरकारी दवाखान्यांत रांगा. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' लिहिलेल्या टोप्या तुम्हीही पाहिल्या असतील. त्याच दिवसांत तिकडे कोल्हापुरात बेरोजगार पोरांनी उलटा मोर्चा काढला. त्यांचं म्हणणं, यांना नको असेल तर आम्हाला द्या, आम्ही निम्म्या पगारात काम करतो.

आमच्या जतच्या शाळेतल्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात एक जण झेडपीचा शिक्षक, एक जण तीन वर्षं तलाठी भरतीचा अभ्यास करणारा, दोघं-तिघं द्राक्षबागवाले आणि माझ्यासारखे पुण्यात लॅपटॉप घेऊन बसलेले. ग्रुपवर नुसती जुंपली होती. मीही टाईप केलं, "एवढा पगार, एवढ्या सुट्ट्या, वर परत संप? आमच्याकडे या, एका मेलवर नोकरी जाते." चाळीस लाईक आले. मला वाटलं, काय भारी बोललो!

संध्याकाळी आज्जाचा फोन. माझा आज्जा जतमधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होता. रिटायर होऊन पंचवीस वर्षं झाली. वडिलांनी त्याला माझा मेसेज वाचून दाखवला होता. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "तू इंजिनेर कुणाच्या पगारावर झालास, ठावं हाय न्हवं? बरं, ते ऱ्हाऊ दे. चोपन्न दिवसांचं काय म्हाईत हाय तुला?"

मला काहीच माहीत नव्हतं. आमच्याच घरात घडलेली गोष्ट, आणि मला शून्य माहिती! म्हणून हा एपिसोड.

पगाराच्या आधी काय होतं?

आधी थोडं मागे जाऊ. आज आपण 'सरकारी नोकर' म्हटलं की पगार, पेन्शन, सुट्ट्या डोळ्यांसमोर येतात. पण गावात सरकारचं काम करणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळतो, ही गोष्ट तशी अलीकडची आहे.

जत हे डफळे घराण्याचं संस्थान होतं. ८ मार्च १९४८ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, जत त्यातला एक तालुका, आणि १९६० मध्ये याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. या सगळ्या मुलखात गावकारभार पिढ्यान् पिढ्या वतनावर चालायचा. पाटील, कुलकर्णी ही वतनं. बापानंतर मुलगा. मोबदला म्हणजे इनाम जमीन आणि रयतेकडून मिळणारे हक्क. गावाचं दप्तर बऱ्याचदा कुलकर्ण्याच्या घरातच असायचं. आता विचार करा, तुमच्या जमिनीचा कागद एका माणसाच्या घरात, त्याची जागा वंशपरंपरेची, आणि तुमचं त्याच्याशी भांडण झालेलं! तक्रार करणार कुणाकडे?

या वतनाची दुसरी बाजू आणखी वाईट होती. महार वतनात सरकारी काम होतं, पण त्याला ना वेळ, ना धड मोबदला. रात्री-अपरात्री बोलावणं आलं की निघायचं. थोडी जमीन आणि बलुतं दिलंय ना, मग राबा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते या वेठबिगारीतून माणसं सोडवायला. यश यायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडावी लागली. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, महार वतनासारखी कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्याने, आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने.

म्हणजे सरकारी पगार हा नुसता कर्मचाऱ्याचा फायदा नव्हता. काम करणारा माणूस त्यामुळे वेठीतून सुटला, आणि गावाचं दप्तर कुणाच्या तरी घरातून निघून सरकारी कचेरीत आलं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सत्तरचं दशक आणि महागाई

आता आज्जाच्या काळात येऊ. १९७२ चा दुष्काळ आमच्याकडे अजून नावाने सांगतात. जत म्हणजे सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा टोकाचा भाग, जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका, पाऊस जेमतेम. दुष्काळ संपतोय तोवर तेलाचं जागतिक संकट आलं. १९७३-७४ मध्ये देशात भाववाढ वीस टक्क्यांच्या वर गेली, पुढच्या वर्षी त्याहून जास्त.

पगारदाराला यातून वाचवणारी एकच गोष्ट होती, महागाई भत्ता. भाव वाढले की भत्ता वाढतो, असं साधं गणित. पण १९७४ मध्ये केंद्राने एक कायदा केला. त्यानुसार महागाई भत्त्याची जी वाढ मिळेल, तिच्यातली निम्मी रक्कम हातात न देता सक्तीने ठेव म्हणून जमा करायची. सरकारचं म्हणणं, हातात पैसा कमी आला तर महागाई आटोक्यात येईल. तिकडे मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला आणि मोडून काढला गेला. मग आणीबाणी आली. संप, मोर्चे सगळं बंद.

महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्यांचं दुखणं आणखी एक होतं. जतच्या एकाच बाजारात पोस्टातला कारकून आणि तहसीलमधला कारकून एकाच भावाने ज्वारी घेणार. पण पोस्टातला केंद्राचा, तहसीलमधला राज्याचा, म्हणून दोघांचा महागाई भत्ता वेगळा. आज्जाच्या शब्दांत, "महागाई काय दिल्लीची एगळी आन् जतची एगळी असती व्हय?"

१४ डिसेंबर १९७७

आणीबाणी उठली आणि १४ डिसेंबर १९७७ ला राज्य सरकारी कर्मचारी बेमुदत संपावर गेले. नेते होते र. ग. कर्णिक. मुख्य मागणी एका ओळीची: केंद्राच्या दराने महागाई भत्ता द्या.

आणि समोर मुख्यमंत्री कोण? वसंतदादा पाटील. सांगलीजवळच्या पद्माळ्याचे. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले, गोळी लागलेले वसंतदादा. आमच्या जिल्ह्यात 'दादा' एवढंच म्हटलं तरी कोण ते कळायचं. आज्जाच्या घरात त्यांचा फोटो होता. संपाच्या दिवसांतही तो भिंतीवरून उतरवला नाही. "दादा आमचंच. पर भत्ताबी आमचाच," असं त्याचं तेव्हाचं धोरण.

सरकारची बाजू तिजोरीची होती. पैसा मर्यादित, आणि तो पगारात घातला तर पाणी, रस्ते, शेती यांना काय उरणार? हा युक्तिवाद तुम्ही २०२३ मध्येही ऐकलाय. शब्दसुद्धा फार बदललेले नाहीत.

संप लांबत गेला. डिसेंबरचा अर्धा पगार गेला, जानेवारीचा पूर्ण गेला. आज्जीने सांगितलेली गोष्ट अशी की, त्या वर्षी यल्लम्माच्या जत्रेत पोरांना बत्तासे सोडून काही मिळालं नाही. किराणा दुकानदाराने आधी वही उघडली, मग वही मिटली. संक्रांतीला तीळगूळ शेजारच्यांकडून आला. आज्जीच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या सोडवायला पुढे दोन वर्षं लागली.

पण आज्जाला सगळ्यात जास्त टोचली ती वेगळी गोष्ट. जत्रेत त्याचा चुलतभाऊ भेटला. सात एकर कोरडवाहू, घरात खाणारी नऊ माणसं. तो म्हणाला, "तुला महागाई भत्ता पायजे. बरुबर हाय. माज्या ज्वारीला महागाई भत्ता कोण देनार?"

आज्जाकडे उत्तर नव्हतं. तो म्हणतो, "दादांच्या सरकारला उत्तर हुतं माज्याकडं. त्याला न्हवतं."

५ फेब्रुवारी १९७८ ला संप मागे घेतला गेला. ५४ दिवस झाले होते आणि मुख्य मागणी पदरात पडलेली नव्हती. लोक हसले. तीन आठवड्यांनी विधानसभेच्या निवडणुका झाल्या, आघाडीचं सरकार आलं, ते जुलैमध्ये पडलं आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. आणि त्यांच्या सरकारने केंद्राप्रमाणे महागाई भत्ता देण्याचा निर्णय घेतला. हरलेला संप सहा-सात महिन्यांनी असा जिंकला गेला.

मला विचाराल तर या ५४ दिवसांत मिळालेली खरी गोष्ट रुपयांत मोजता येत नाही. आधी भत्ता किती आणि कधी, हे त्या त्या सरकारच्या मर्जीवर होतं. नंतर त्यासाठी बोट दाखवायला एक नियम आला. मेहेरबानीच्या जागी मोजमाप आलं.

ज्वारीचं काय?

आता त्या चुलतआज्जाच्या प्रश्नाचं उत्तर. हे शोधताना मी स्वतः चकित झालो.

१९७७ मध्येच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. गावातल्या ज्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचं काम हवंय, त्याने मागितलं की सरकारने ते द्यायचंच. दुष्काळी कामं आधीही निघायची, पण कलेक्टरसाहेबांच्या मनात आलं तर. आता तो हक्क झाला. देशाचा रोजगार हमी कायदा यायला २००५ उजाडलं, आपल्याकडे तो पंचवीस-सव्वीस वर्षं आधी होता.

आणि याला पैसा कुठून? तुमची सॅलरी स्लिप उघडा. डिडक्शनमध्ये 'प्रोफेशनल टॅक्स' दिसतोय? दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाला अडीच हजार. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आला, आणि तो रोजगार हमीच्या निधीसाठी लावला होता. म्हणजे शहरातला पगारदार, सरकारी कारकूनसुद्धा, दर महिन्याला कोरडवाहू माणसाच्या कामासाठी पैसे देत होता.

मी पाच वर्षं ती ओळ बघून "कशाला कापतात हे?" असं म्हणत आलोय.

तर बघा, एकाच दोन-तीन वर्षांच्या काळात कारकुनाला नियम मिळाला आणि मजुरालाही नियम मिळाला. चुलतआज्जाच्या ज्वारीला भाव मिळाला नाही हे खरंच, तो प्रश्न आजही उभा आहे. पण जत्रेत समोरासमोर उभे राहिलेले ते दोघे भाऊ खरं तर एकच गोष्ट मागत होते. पाऊस पडला नाही, भाव वाढले, साहेब बदलला, तरी माझ्या घरात चूल पेटेल असं काहीतरी लेखी द्या.

२००५: एकाच वर्षात तीन गोष्टी

आता उडी मारून २००५ ला येऊ, कारण तिथे गोष्ट वळण घेते.

पहिली गोष्ट, माहितीचा अधिकार. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर लागू. खिडकीच्या आत काय चाललंय ते बाहेरच्याला विचारता यायला लागलं.

दुसरी गोष्ट, पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याला जुनी पेन्शन नाही. शेवटच्या पगाराच्या निम्म्याची हमी गेली, त्याऐवजी पगारातून कापलेली आणि सरकारने घातलेली रक्कम बाजारात गुंतवायची, येईल ते येईल. एकाच टेबलावरचे दोन कारकून, काम तेच, साहेब तोच, पण म्हातारपण वेगळं. २०२३ चा सात दिवसांचा संप याच रेषेवर झाला. २० मार्चला तो मिटला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली.

तिसरी गोष्ट कुणाला फारशी माहीत नसते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. २००५ चाच महाराष्ट्राचा एक कायदा आहे, बदल्यांचं विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा. नाव लांबलचक आहे, पण गंमत बघा. एकाच कायद्यात दोन अर्धे. पहिला अर्धा कर्मचाऱ्यासाठी: साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ, मनात आलं म्हणून उचलून फेकायचं नाही. दुसरा अर्धा तुमच्या-माझ्यासाठी: कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये.

सात दिवस! आणि आपण म्हणतो, 'सरकारी काम अन् सहा महिने थांब.'

बदलीचा मुद्दा जतकरांना वेगळा सांगायला नको. आमच्याकडची बदली ही कित्येकांना शिक्षा वाटते. सांगली ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, उन्हाळा कडक, पूर्व भागातल्या गावांत घराघरात कन्नड. मिरज-वाळव्याकडून आलेला माणूस हजर झाला की पहिल्या दिवसापासून परतीचा अर्ज लिहायला घेतो. मग जागा रिकामी, एका माणसाकडे तीन-तीन गावं, आणि खिडकीबाहेरचा माणूस म्हणतो, "साहेब कधीच जाग्यावर नसतात." त्याचंही खरं असतं. साहेब दुसऱ्या गावात असतात, हेही बऱ्याचदा खरं असतं.

त्यात आमच्या धंद्याची भर. सातबारा ऑनलाइन झाला, फेरफार ऑनलाइन झाले, २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली. चांगलंच झालं. पण सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, सर्व्हर बसला की शिव्या मला कधीच पडत नाहीत. मी पुण्यात एसीत असतो. शिव्या पडतात त्या चावडीत बसलेल्या माणसाला, ज्याने ते सॉफ्टवेअर ना लिहिलं, ना निवडलं.

याचा अर्थ सगळे बिचारे आहेत असं मुळीच नाही. साध्या नोंदीला पैसे मागणारे आहेत, लाचलुचपतच्या सापळ्याच्या बातम्या आपण रोज वाचतो, आणि १०६४ हा नंबर उगाच छापत नाहीत. ज्याला पगार नियमाने मिळतो, त्याने काम मात्र मर्जीने केलं, तर लोक चिडणारच. खिडकीबाहेरच्या माणसाचा राग बहुतेक वेळा पगारावर नसतोच. मर्जीवर असतो.

खिडकीच्या आत कोण?

आणि आता तर खिडकीच्या आत बसलेले सगळे 'सरकारी' राहिलेच नाहीत. कुणी कंत्राटी, कुणी एजन्सीचा, कुणी मानधनावर. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला, ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. त्याच वर्षी तलाठ्याच्या ४ हजार ६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. ग्रुपवरचा माझा दोस्त त्या दहा लाखांतला एक.

माझी आई अंगणवाडी सेविका आहे. पोषण आहार, लसीकरणाला मदत, वजनं, रजिस्टर, वर मोबाईल ॲप, शिवाय कुठला ना कुठला सर्व्हे. गावाला ती सरकारी बाई वाटते. सरकार तिला मानधनी म्हणतं, तेव्हा महिना १० हजार. ४ डिसेंबर २०२३ ला राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. मागण्या मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन आणि सरकारी कर्मचारी म्हणून दर्जा. जानेवारीच्या शेवटी संप मिटला. जवळपास पन्नास दिवस. परत तोच डिसेंबर, तीच यल्लम्माची जत्रा, तीच संक्रांत. बरोबर ४६ वर्षांनी, त्याच घरात.

या वेळी किराणा मी भरला. आज्जाने आपल्या पेन्शनमधून आईच्या हातात पाच हजार ठेवले. म्हणाला, "माज्या टायमाला कुणी दिलं न्हाईत. तू घे." तो नियमाच्या आतला माणूस होता, आई बाहेरची. ५४ दिवसांचं फळ तिच्यापर्यंत असं, सासऱ्याच्या हातून आलं.

आणि मला माझा तो मेसेज आठवला. "एका मेलवर नोकरी जाते." हे मी मोठेपणा मिरवल्यासारखं लिहिलं होतं. माझ्याकडे नियम नाही, म्हणून त्यांच्याकडेही नको, एवढंच त्यात होतं. कोल्हापूरच्या त्या मोर्चातल्या पोरांचा राग मला समजतो. पण निम्म्या पगारात काम करायला तयार असलेल्याच्या मागे पाव पगारात तयार असलेला उभाच असतो. ही रांग कुठे संपणार?

तर मग करायचं काय?

मोठं भाषण नको. एक छोटी गोष्ट सांगतो आणि थांबतो.

त्या चुलतआज्जाच्या नातवाची वारसनोंद बरेच महिने अडकली होती. तो फक्त तोंडी विचारायला जायचा. या वेळी आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. तारीख टाकली, २००५ च्या कायद्यातल्या सात दिवसांचा उल्लेख केला, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचाही केला, आणि आवकचा शिक्का मारलेली पोच घेतली. आवाज चढवला नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कुणी लिहून दिला?"

पोरगा म्हणाला, "आज्जा कारकून हुता आमचा."

नोंद नियमाप्रमाणे नोटीस निघून, हरकतीची मुदत संपून मग झाली. मधे दोनदा परत जावं लागलं. पण कुणाच्या पाया पडावं लागलं नाही.

आज्जाला फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "बघ, त्याचं उत्तर द्यायला मला पंचेचाळीस वर्सं लागली."

तर मंडळी, पुढच्या वेळी कचेरीत जाल तेव्हा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. आणि तुमच्या घरात कुणी ७७-७८ च्या संपात होतं का, हे आज रात्री विचारा. काही सापडलं तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकू. भेटू या!